सोनीबाईचं पथ्य

जनावरांच्या डॉक्टरला शिव्या खायची सवय असावी लागते. गाय लाथ मारते, मालक शिव्या देतो आणि बऱ्याचदा दोघांचंही बरोबर असतं. तेवीस वर्षांच्या नोकरीत माझी कातडी चांगली जाड झाली आहे. पण घाटंजीच्या पुढच्या टेकडी तांड्यावरची सोनीबाई शिवी देत नाही. ती समोर उभी राहून एक प्रश्न विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत जागची हलत नाही. त्यापेक्षा शिवी परवडली, असं मला वाटायचं. आता तसं वाटत नाही आणि का वाटत नाही, तेच सांगायला बसलो आहे.

सोनीबाई तांड्याची सुईण. हे काम तिला सासूकडून आलं. बत्तीस वर्षांत तांड्यावरची आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरची शे-दोनशे पोरं तिच्या हातांवर जन्मली आणि एकही बाळंतीण दगावली नाही. हे ती स्वतः कधी सांगत नाही. तांड्यावरचं कोणीही सांगतं. पुढे रस्ता झाला, फोन केला की रुग्णवाहिका यायला लागली, पोरी बाळंतपणाला दवाखान्यात जायला लागल्या. सोनीबाईला त्याचं वाईट वाटलं नाही. "बरं झालं, माझे गुडघे सुटले," म्हणाली. पण हात काही स्वस्थ बसेनात. त्याच सुमारास तांड्यावर दुधाची गाडी सुरू झाली, घरोघरी संकरित गाई आल्या आणि सोनीबाई गाईंची सुईण झाली. कोणाचीही गाय अडली की बायका आधी तिला बोलवायच्या, मग मला. वासरू आडवं आलं तर ते फिरवायला तिचा हात माझ्यापेक्षा चांगला चालतो, हे मी कबूल करतो. माझा हात जाडा आहे.

या लोकांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरत. त्यांना जनावर सांभाळायला शिकवणारा मी कोण, असं मी मनाशी धरून बसलो होतो. तिथंच माझं चुकलं.

मागच्या हिवाळ्यात सोनीबाईची लाली नावाची गाय व्याली आणि तीन आठवड्यांत खंगली. मी गेलो, पाहिलं, रोग काय असावा याचा अंदाज आला, शिरेतून ग्लुकोजची बाटली लावली. तासाभरात लालीनं मान उचलली. सोनीबाईनं विचारलं, आता खायला काय देऊ? मला त्या दिवशी आणखी चार गावं होती. मी हसून म्हणालो, "सुईणबाईला मी काय सांगणार!" आणि गाडीला किक मारली. लाली दोन दिवस उभी राहिली, तिसऱ्या दिवशी पुन्हा बसली आणि दहाव्या दिवशी गेली. मला परत बोलावलंही नाही. त्याच हिवाळ्यात तांड्यावरच्या अंजूची मोरी नावाची गाय अशीच गेली. अंजू तिशीतली, दोन लेकरांची आई, घर तिच्या गाईंवर चालायचं. तांड्यानं ठरवलं, नजर लागली. मी काही बोललो नाही, कारण मला कोणी विचारलं नाही. हे कारण मला तेव्हा पुरेसं वाटलं होतं.

यंदा पोळा झाल्यावर एका सकाळी सोनीबाई दवाखान्याच्या पायरीवर उभी.

"काय झालं, सोनीबाई?"

"ते तुमी सांगा. मी सांगते ते आयका." तिनं पदर खोचला. "लाली गेली तवा तिच्या तोंडाले वास येत होता. पिकून गळलेल्या सीताफळासारखा. आता चांदीच्या तोंडाले तोच वास येऊन राह्यला. व्याल्याले सतरा दिवस झाले. दूध चवदा लिटरवरून सहावर आलं. ज्वारीच्या घाट्याले तोंड लावत नाई. नुसती भिंत चाटून राह्यली. मले बाटली नको, डाक्टर सायेब. बाटली मागच्या वर्षी पाह्यली म्या. काहून होते, ते सांगा."

मी म्हणालो, गाय पाहिल्याशिवाय कसं सांगू? ती म्हणाली, मग चला. दवाखान्यात आणखी दोघं बसले होते. तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की तेच म्हणाले, "जा सायेब, आमचं होईन मंग."

गोठ्यात देवीलाल बसला होता. देवीलाल म्हणजे सोनीबाईचा नवरा. माणूस भला, पण लालीच्या मरणानं धास्तावलेला. त्यानं मला पाहिलं आणि जागचा न उठताच बोलायला लागला.

"डाक्टर सायेब, हिले समजवा. पाच दिवसांनी बाजार हाये. उभी हाये तोवर देऊन टाकू. लालीसारखी खाली बसली तं मंग कोण उचलते?"

"आजारी गाय दुसऱ्याच्या दारात बांधाची?" सोनीबाई म्हणाली. "अन् तिथं मेली तं?"

"मंग तुह्या दारात मरू दे?"

"मराची नाई."

"असंच मागच्या वर्षी म्हणत होती."

सोनीबाईनं दाव्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, "बाजाराच्या सकाळपर्यंत. तोवर चांदीनं खाल्लं नाई, तं दावं मी सोडीन. अन् मंग या घरात गाय येणार नाई. झालं?"

"झालं," देवीलाल म्हणाला. त्याला वाटलं होतं ती भांडेल. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

चांदी कोपऱ्यात उभी होती. डोळे खोल गेलेले, शेण घट्ट आणि चकचकीत. मी तिच्या तोंडाशी नाक नेलं. मला काही वास आला नाही. काही माणसांना हा वास येतच नाही आणि मी त्यातला. तेवीस वर्षं मी या रोगाच्या तोंडाशी नाक नेत आलो आहे, आणि सोनीबाईला तो तीन हातांवरून येत होता.

"लघवी पाहिजे," मी म्हणालो. "वाट पाहावी लागेल."

"कायले?" तिनं गाईच्या मागे जाऊन शेपटीखाली तळहातानं हळूहळू चोळलं, तोंडानं काहीतरी पुटपुटली, आणि अर्ध्या मिनिटात गाईनं धार सोडली. वाटी तिच्या हातात तयारच होती.

मी पिशवीतून पांढरी भुकटी काढली, कागदावर चिमूटभर टाकली आणि वाटीतले दोन थेंब सोडले. भुकटी जांभळी झाली. हलकी नाही, पिकल्या जांभळासारखी गर्द.

"केटोसिस," मी म्हणालो. "गाईला खायला कमी आणि दुधाला लागतं जास्त. मग ती अंगातली चरबी जाळते. ती चरबी नीट जळत नाही, रक्तात एक विष साचतं. त्याचाच तुम्हाला वास येतो. त्यानं भूक मरते. भूक मेली की आणखी चरबी जळते."

ती कागदाकडे पाहत राहिली. "सरपण संपलं म्हणून छपराचे वासे चुलीत घातल्यावानी," म्हणाली. "सयपाक होते, पण घरभर धूर."

मी सहा वर्षं कॉलेजात घालवून एवढं सोपं कधी बोललो नाही.

मग मी तो प्रश्न विचारला, जो लालीच्या वेळी विचारायला हवा होता. "व्यायच्या आधी काय चारलं? आणि व्याल्यावर काय?"

सोनीबाईनं मान वर केली. हे तिच्या हुकमाचं पान होतं. गाय दोन जिवांची झाली की पहिलटकरणीसारखी तिची सरबराई करायची, ती म्हणाली. दूध आटवल्यापासून रोज चार किलो सरकीची ढेप, वरून तुरीची चुनी. चांदीची पाठ अशी भरली होती की वर पाणी ओतलं तर थांबलं असतं, अख्खा तांडा पाहायला आला होता. आणि व्याली की पथ्य. सव्वा महिना ढेप बंद, चुनी बंद. ज्वारीचा पातळ घाटा, वाळलेलं कुटार, पाणी कोमट आणि मोजून. बाळंतिणीला जड दिलं की दूध बाधतं, लेकराला लागतं. तिच्या सासूनं हेच केलं, सासूच्या सासूनं हेच केलं. "बत्तीस वर्षांत एक बाळंतीण नाई गेली माझी," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या तोंडून ते ऐकलं.

मी चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छ होता.

"चष्मा कायले पुसता?" ती म्हणाली. "बोला. बाईचे दिवस भरले की घाबरून माझ्या तोंडावर खोटं बोलणारे नवरे मी लय पाह्यले. तुमी नका बोलू."

मग मी बोललो. घरची गावरान गाय दिवसाला दोन-तीन लिटर दूध देते. तिला हे पथ्य चालून जातं, म्हणून सासूच्या वेळेला काही बिघडलं नाही. संकरित गाय व्याल्याबरोबर बारा-चौदा लिटर देते. तिला त्याच दिवसांत सगळ्यात जास्त खायला लागतं. आधी लठ्ठ केलेली गाय तशीही व्याल्यावर कमी खाते, आणि त्यात आपण तिच्या पुढची पाटी काढून घेतली, तर चरबीचा लोंढा यकृतावर येतो. लालीचं तेच झालं असणार.

"म्हणजे लाली म्या मारली."

"मीही. मी विचारलं नाही."

"तुमचं तुमी पाहा," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "माझं मले पाहू द्या. आता काय कराचं ते सांगा. अन् या टायमाले पूर्ण सांगा. मधातच गाडी चालू नका करू."

देवीलालनं मध्येच विचारलं, गूळ चारू का? मी सांगितलं, गूळ गाईच्या पोटातच आंबतो, त्याची साखर रक्तापर्यंत पोचत नाही, आणि जास्त झाला तर नवीन दुखणं. मी बाटली लावली, कारण ती लागणारच होती. पण बाटली म्हणजे नुसती काडी ओढणं. चूल पेटती ठेवायची तर रोज सरपण पाहिजे. एक दाट गोडसर औषध दिलं, सकाळ-संध्याकाळ पाच दिवस पाजायचं. ढसाढसा ओतायचं नाही, गाईचं डोकं फार वर करायचं नाही, नाहीतर औषध फुप्फुसात जातं. सोनीबाईला हे दोनदा सांगावं लागलं नाही. बांबूच्या नळकांड्यातून ती घोट-घोट पाजायची, मधे थांबायची, गाईला गिळू द्यायची. कोणाला केव्हा थांबू द्यायचं हे ती बत्तीस वर्षं ओळखत आली होती.

खाणं हा खरा झगडा होता. चांदी काही घेईना. सोनीबाईनं पाटी ठेवून जाण्याचा प्रकारच बंद केला. मक्याचा भरडा मूठभर, त्यावर ढेप चिमूटभर, दिवसातून आठ वेळा, हातावर. घेतलं नाही तर पाटी धुऊन, ताजा भरडा घेऊन तासाभरानं परत. हिरवा मका कापायला ती स्वतः शेतात जायची. दुसऱ्या दिवशी चांदीनं तीन मुठी खाल्ल्या. मी फोनवर खूश झालो. ती झाली नाही.

"लालीनं भी दुसऱ्या दिवशी खाल्लं होतं," ती म्हणाली.

तिचं खरं ठरलं. तिसऱ्या दिवशी चांदीनं तोंड फिरवलं आणि दुपारी बसली. देवीलालनं मला फोन केला आणि आवाज न चढवता सांगितलं, झालं सायेब, तेच झालं. मी गेलो. भुकटी परत गर्द जांभळी. मी दुसरी बाटली लावली. सोनीबाई चांदीच्या मानेखाली खांदा देऊन बसली होती, जशी ती कळा देणाऱ्या पोरीमागे बसत असेल. देवीलाल म्हणाला, आता पुरे कर, परवा बाजार हाये.

"बाजार परवा नाई, तेरवा हाये," ती म्हणाली. "मले दिवस मोजता येतात."

मला तेव्हा तिचा रागच आला, खरं सांगतो. जनावर खाली बसलं की आम्ही लोक मनातून हरतो आणि वरून औषध देत राहतो. या बाईला वरचं आणि आतलं वेगळं नव्हतं. तिनं तिघा-चौघांना हाका मारून गाय उचलली, पोटाखाली पोती दिली, चारी पाय चोळले आणि मूठ पुढे केली. मी निघेपर्यंत चांदीनं ती मूठ घेतली नव्हती. 

चौथ्या दिवशी मूठ घेतली. पाचव्या दिवशी रवंथ केलं. बाजाराच्या सकाळी मी दवाखाना उघडायच्या आधीच तांड्यावर गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. देवीलाल गोठ्याच्या दारात उभा होता. सोनीबाईनं भरड्याची पाटी त्याच्या हातात दिली.

"तू ठेव. माह्या हातचं खाते म्हणशीन मंग."

देवीलालनं पाटी खाली ठेवली. चांदीनं हुंगलं, फुरफुरली आणि खायला लागली. पाटी चाटून झाल्यावर तिनं ती शिंगानं ढकलली. मी भुकटीवर दोन थेंब टाकले. गुलाबीसर छटा आली आणि तिथंच थांबली. देवीलाल दुसरी पाटी भरायला आत गेला.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती लिहिली नसती. बऱ्या झालेल्या गाई मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पण तांड्यावर त्या वेळी नऊ गाई गाभण होत्या आणि नऊही सोनीबाईच्या सांगण्यावर ढेप खात होत्या. मी तिला म्हणालो, मी येऊन बायकांची बैठक घेतो, डॉक्टरनं सांगितलं म्हणजे त्या ऐकतील, तुमचं नाव घ्यायची गरज नाही.

"पथ्य कोणं सांगतलं होतं? तुमी?" ती म्हणाली. "मंग मोडीन भी मीच."

पुढच्या आठवड्यात लसीकरणासाठी मी सकाळीच तांड्यावर होतो. दुधाची गाडी उभी होती, बायका कॅन घेऊन रांगेत. सोनीबाईनं आपलं दूध मोजून दिलं आणि वळून उभी राहिली.

"आयका. लाली नजरेनं नाई गेली. व्याच्या आधी म्या तिले फुगवली, अन् व्याल्यावर ऐन भुकेच्या टायमाले तिच्या तोंडचं काढून घेतलं. बाईचं पथ्य गाईले लावलं म्या. या गाई येगळ्या. आजपासून ते पथ्य बंद."

 मग रांगेतून अंजू पुढे आली. तांड्यावरच्या सगळ्या तरुण बायका सोनीबाईला याडी म्हणतात, म्हणजे आई. अंजूचा तर जन्मही तिच्याच हातचा.

"मंग माझी मोरी, याडी? ती भी तुह्याच पथ्यानं गेली का?"

मोरीला मी तपासलं नव्हतं, नक्की कोणालाच सांगता येणार नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. सोनीबाईनं हात आडवा केला.

"हो," ती म्हणाली.

अंजूनं कॅन गाडीपाशी ठेवला, दूध मोजून होईपर्यंत थांबली आणि कोणाकडे न पाहता घरी गेली.

अंजूची दुसरी गाय बावीस दिवसांनी व्यायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सोनीबाई तिच्या कुंपणाशी गेली. अंजूनं फाटक उघडलं नाही. सोनीबाई बाहेरूनच मोठ्यानं म्हणाली, "अंजू, ढेप चार किलोवरून एकदम नको तोडू, हळूहळू दोनवर आण. कुटार पोटभर. मक्याचा भरडा थोडा-थोडा चालू कर, म्हणजे सवय होते." एवढं बोलून परत आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली, चौथ्या दिवशी पुन्हा. आतून उत्तर नाही. बायका हसायला लागल्या. एवढ्या मानाची बाई, कुंपणाला बोलते म्हणे. देवीलालला ते लागलं.

"कायले जाते रोज? ती बोलत भी नाई."

"ती बोलावी म्हणून नाई जात मी," सोनीबाई म्हणाली.

बाकीच्या आठ घरांत ती आत जाऊन पाट्या पाहत होती, गाईंच्या पाठी चाचपत होती, कोणाची किती भरली ते सांगत होती. दोन म्हाताऱ्या तिच्याशी भांडल्या. इतकी वर्षं हेच पथ्य सांगितलंस, आता डॉक्टरनं डोकं फिरवलं, म्हणाल्या. तिनं त्यांना चांदी दाखवली. तरी ऐकेनात, तर ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. अंजूच्या कुंपणाशी मात्र रोज उभ्या उभ्या तेवढंच.

गाय दोन दिवस उशिरा व्याली. कालवड झाली. सोनीबाईला कोणी बोलावलं नाही. तिला ते दुधाच्या गाडीवर कळलं. दुसऱ्या सकाळी ती नेहमीच्या वेळी कुंपणाशी जाऊन उभी राहिली आणि तोंड उघडणार, तोच गोठ्यातून अंजू आली. हातात पाटी होती. कुंपणाच्या आत थांबली.

"याडी," ती म्हणाली, "आज किती टाकू?"

"कालच्यापेक्षा अर्धा किलो जास्त. उद्या आणखी अर्धा. अन् पाणी मोजून नको. पोटभर."

हे मला अंजूनंच सांगितलं. सोनीबाई असलं काही सांगणाऱ्यातली नाही. मी विचारलं, मग काय झालं? अंजू म्हणाली, मग याडी तिथंच कुंपणाशी खाली बसली अन् रडाले लागली. एवढी मोठी बाई, लहान लेकरावानी.

"आणि तू?"

"मी भी," अंजू म्हणाली. "मंग म्या फाटक उघडलं."